लाल चिंधीचा रांजण

“आई, तू सही केलीस? तूसुद्धा?”

ठिणगी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून इतक्या जोरात ओरडली, की दिवाणखान्यात बसलेले सहाच्या सहा मोठे दचकले. शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव वेगळंच होतं, पण ते बिचारं तिथेच पडून असे. घरीदारी सगळे तिला ठिणगीच म्हणत. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर मुक्कामालाच असायचा आणि त्याला खाली उतरायला फारसं निमित्त लागत नसे. पण आजचं निमित्त काही लहानसहान नव्हतं.

टेबलावर एक कागद पडला होता. ठिणगीच्या मित्राच्या, दुर्बीणच्या आईनं, म्हणजे शाळेत शिकवणाऱ्या शिक्षिकाबाईंनी, मोत्यासारख्या अक्षरात त्यावर तक्रार लिहिली होती. या पाहुणेघरातली स्वयंपाकीण निष्काळजी आहे, तिच्या हातचं मक्याचं सूप पिऊन आमच्यापैकी पाच जण आजारी पडले, तरी तिला ताबडतोब कामावरून काढावं. आणि खाली सहा सह्या. चौथी सही आईची.

“हळू बोल गं,” आई सोफ्यावर पांघरूण गुंडाळून बसली होती. तिचा चेहरा लिंबासारखा पिवळा दिसत होता. “काल दिवसभर आमची काय दशा झाली, बघितलीस ना? उठायचं त्राण नव्हतं कुणात.”

“पण ते सूप आम्हीही प्यायलो की! मी दोन वाट्या, दुर्बीणनं दोन, आणि या पोटोबानं तर चार!”

“पाच,” तिच्या पाठीमागून तिचा धाकटा भाऊ म्हणाला. खाण्याच्या बाबतीत कुणी चुकीचं सांगितलेलं त्याला खपत नसे.

“मुलांची पोटं काय, दगडसुद्धा पचवतात,” बाबा कण्हत म्हणाले.

“हे बघ ठिणगे, गोष्ट अगदी सरळ आहे,” शिट्टीकाका उठून उभे राहिले. “परवा रात्री सूप कोण नाही प्यायलं? मी! आजारी कोण नाही पडलं? मी! आलं का उत्तर? सुटलं गणित!”

ठिणगीचं, दुर्बीणचं आणि काकांचं अशी तिन्ही घरं मिळून दर सुट्टीत कुठेतरी मुक्कामाला जायची आणि त्या सगळ्या सहलींचे म्होरके हे शिट्टीकाका. गळ्यात शिट्टी, खिशात वेळापत्रक, काखेत हिरव्या चहाचा थर्मास. उठायची शिट्टी, जेवायची शिट्टी, फिरायला निघायची शिट्टी. काकूंनी एकदा घोरणं थांबवण्याची शिट्टी सुचवली होती, तेव्हा मात्र ते रुसून बसले होते.

“पण काका, आम्ही सूप प्यायलो आणि आम्हाला काहीच झालं नाही, ते कुठल्या गणितात बसतं?”

“फुर्रर्र!” काकांनी उत्तराऐवजी शिट्टी फुंकली. “मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही. आणि मुलांनी दिवाणखान्यात यायचं नाही, हे ठरलंय की नाही? चला, अंगणात!”

ठिणगीच्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी राहिल्या. या दिवाणखान्याच्या दारावर एक लाकडी पाटी होती: ‘ही खोली सगळ्यांची आहे.’ वरच्या झोपायच्या खोल्या इवल्याशा, पण खाली हा लांबरुंद दिवाणखाना. पुस्तकांची फळी, बैठे खेळ, मोठमोठ्या खुर्च्या, सगळ्या पाहुण्यांना मिळून एक. असं असताना पहिल्याच सकाळी मोठ्यांचा पत्त्यांचा डाव बसला आणि मुलांचा गोंगाट नको म्हणून काकांनी वेळापत्रकात लिहून टाकलं, ‘मुले: अंगणात’. सगळ्यांच्या खोलीतून तिघांची हकालपट्टी!

“पाटी वाचता येत नाही का यांना?” बाहेर येताच ठिणगीनं दगडाला लाथ मारली. दगड काही हलला नाही, पायाचा अंगठा मात्र हलला.

“दगडानं काय केलंय तुझं?” दुर्बीण म्हणाला. तो तेरा वर्षांचा, जाड भिंगांचा चष्मेवाला. गळ्यात कायम मामानं दिलेला छोटा कॅमेरा. बोलायचा कमी आणि बघायचा जास्त, म्हणून हे नाव. “पाहुणेघराचे मालक किती वाजता येणार आहेत?”

“चारला. म्हणजे चारला स्वयंपाकीण मावशींची नोकरी गेली.”

“आणि घरही,” पोटोबा म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

“त्या स्वयंपाकघराच्या मागच्याच खोलीत राहतात ना. नोकरी गेली तर खोली पण जाणार. मला त्यांनीच सांगितलं, बटाटे सोलताना.”

तिघंही धावतच स्वयंपाकघरात शिरले.

स्वयंपाकीण मावशी ओट्यापाशी उभ्या राहून आपल्या सुऱ्या एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. डाव, झारा, लाकडी उलथनं, सगळं ओळीनं मांडलेलं. चुलीवर मात्र मोठं पातेलं रोजच्यासारखंच खदखदत होतं.

“या रे पोरांनो. पाव भाजून ठेवलेत.”

“मावशी, तुम्ही सामान का बांधताय? तुम्ही भांडा ना त्यांच्याशी!” ठिणगी म्हणाली.

“कशी भांडू? पाच माणसं आजारी पडली, ती काय नाटक करत होती?” मावशींनी पदरानं कपाळ पुसलं. “अठरा वर्षं झाली इथं. आजवर एका पाहुण्याचं पोट बिघडलं नाही. पण काल रात्रभर मी हाच विचार करते आहे. मका निवडताना डोळा चुकला असेल. पातेलं नीट घासलं नसेल. काहीतरी माझंच चुकलं असणार.”

हे ऐकून ठिणगीला रडू यायला लागलं आणि रडू आलं की तिला आणखी राग यायचा. ज्यांचं चुकलेलं नाही, त्यांनाच आपलं चुकलं असं वाटायला लावायचं, याच्याइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही. तिनं मूठ आवळून ओट्यावर आपटली.

“पोटोबा, खाणं थांबव! विचार कर!”

“मी खाता खाताच विचार करतो.”

“तुम्ही दोघं भांडू नका,” दुर्बीणनं चष्मा पुसला. “प्रश्न उलटा विचारू. जेवण सगळ्यांचं एकच होतं. मग त्या पाच जणांनी असं काय केलं, जे आपण केलं नाही आणि शिट्टीकाकांनीही केलं नाही?”

“ते पत्ते खेळले,” पोटोबा म्हणाला.

“पत्ते खाल्ले का त्यांनी?”

“आणि पत्ते तर काका पण खेळले. चिटिंग करत होते. मी खिडकीतून बघितलं.”

“ते दिवाणखान्यात बसले,” ठिणगी हळूहळू म्हणाली. “आपल्याला हाकललं आणि दिवसभर तिथेच बसले. तिथे त्यांनी काय खाल्लं?”

“काही नाही. मी बशा उचलायला गेले होते,” मावशी म्हणाल्या. “नुसतं पाणी प्यायले. रस्सीखेच खेळून आले होते ना घामाघूम होऊन. पेल्यावर पेले रिचवले सगळ्यांनी.”

“पाणी!” दुर्बीण आणि ठिणगी एकदमच ओरडले.

पोटोबाच्या हातातला पाव खाली पडला. त्यानं तो लगेच उचलला, फुंकला आणि खाल्ला.

“आपण पाणी कुठलं पितो?” ठिणगीनं विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, “इथलं! या किटलीतलं! कारण आपल्याला तिकडे जायला बंदी!”

“आणि शिट्टीकाका थर्मासमधला हिरवा चहा पितात,” दुर्बीण म्हणाला. “तोही इथूनच भरून नेतात. उकळता.”

मावशी मात्र मान हलवत होत्या. “नाही रे बाळांनो. दिवाणखान्यातलं पाणीही मीच भरते. रोज सकाळी, वीस मिनिटं उकळून, गाळून, गार करून. ते बघा ना, उद्याचं आत्ताच चढवलंय.”

“मग तिथे दोन रांजण कशाला आहेत?”

“एक प्यायचा. दुसऱ्यात पावसाच्या टाकीतलं पाणी. ते हातपाय धुवायला आणि कुंड्यांना. दोन्ही रांजण एकाच कुंभाराचे, एकसारखे. दोघांनाही नळ. म्हणून तर प्यायच्या रांजणाच्या गळ्यात मी लाल चिंधी बांधते. तुम्ही आलात त्या संध्याकाळी सांगितलं की मी सगळ्यांना! लाल चिंधी दिसेल त्यातलंच पाणी प्या म्हणून.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती संध्याकाळ तिघांनाही लख्ख आठवत होती. खिडकीजवळची खाट कुणाला, यावरून मोठ्या माणसांची हमरीतुमरी चालली होती. मावशी दारात उभ्या राहून काहीतरी सांगत होत्या. ‘लाल चिंधीवालं पाणी प्या’ एवढंच कुणाकुणाच्या कानावर पडलं आणि त्यांचं पुढचं वाक्य शिट्टीत बुडालं होतं. फुर्रर्र!

“चला,” ठिणगी म्हणाली, “चिंधी बघायची.”

वेळापत्रकानुसार दोन ते चार ‘विश्रांती’ होती, त्यामुळे मोठे वर झोपायला गेले होते. तिघं चवड्यांवर दिवाणखान्यात शिरले. ज्या खोलीच्या दारावर ‘सगळ्यांची’ असं लिहिलंय, तिच्यात चोरासारखं शिरायचं! ठिणगीनं पाटीकडे एक जळजळीत नजर टाकली.

कोपऱ्यात लाकडी घडवंचीवर दोन रांजण शेजारी शेजारी बसले होते. एक खिडकीकडे, एक दाराकडे. लाल चिंधी दाराकडच्या रांजणाच्या गळ्यात होती.

“आहे की चिंधी,” पोटोबा निराश होऊन म्हणाला.

 दुर्बीणनं कॅमेरा सुरू केला आणि जुने फोटो मागे मागे सरकवत आल्या संध्याकाळचा फोटो शोधला. सगळे हसत उभे होते, एकट्या ठिणगीचं तोंड फुगलेलं होतं, आणि बाबांच्या कोपराआडून दोन्ही रांजण दिसत होते.

“बघ.”

फोटोत लाल चिंधी खिडकीकडच्या रांजणाला होती.

“कुणीतरी चिंधी बदलली!” ठिणगी कुजबुजली. कुजबुजणं तिला फारसं जमत नसे, त्यामुळे खिडकीची काचही हलली असेल.

“नाहीतर रांजणांची जागा बदलली,” दुर्बीण म्हणाला.

“भरलेला रांजण? याला हलवायला चार जण लागतील. बघ बघ, खाली धूळही जशीच्या तशी आहे. रांजण हलले नाहीत, चिंधीच हलली!”

आता तिघंही त्या चिंधीला नाक लावून उभे राहिले. चिंधी धुतलेली नव्हती. तिच्यावर वाळलेला चिखल होता आणि चिखलात काथ्याचे दोनचार पिवळे धागे अडकले होते.

“काथ्या म्हणजे दोरखंड,” पोटोबा म्हणाला.

“दोरखंड म्हणजे रस्सीखेच,” दुर्बीण म्हणाला.

“रस्सीखेचीला मध्यभागी लाल खूण लागते,” ठिणगीचा श्वास जोरात चालू लागला. “आणि मावशी सुरगाठ मारतात, एप्रनला मारतात तशी, एक टोक ओढलं की सुटणारी. ही बघा कसली गाठ आहे!”

ती गाठ तिघांनाही पाठ होती. येताना गाडीत सबंध दोन तास शिट्टीकाकांनी ती त्यांच्याकडून गिरवून घेतली होती. “दोन वळसे, शेपूट आत, ओढा करकचून! ही माझी खास गाठ, जगात कुणाला येत नाही!”

आता सगळी गोष्ट आरशासारखी स्वच्छ दिसत होती. परवा दुपारी काकांना रस्सीखेचीसाठी खूण हवी होती. समोर चिंधी दिसली, घेतली सोडून. खेळ संपला, दिली बांधून. कुठल्या रांजणाला? हाताला आला त्याला! मग घामाघूम मंडळी आली आणि ‘लाल चिंधीवालं’ पाणी म्हणून टाकीतलं पाणी ढसाढसा प्यायली. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी नेहमीच्या शिरस्त्यानं चिंधी बघितली आणि त्याच रांजणातलं उरलंसुरलं ओतून उकळलेलं पाणी भरलं. त्या चिंधी बघतात, बाजू बघत नाहीत. म्हणजे चूक आपोआप पुसली गेली आणि मावशींच्या माथी खापर तेवढं फुटलं.

“मी आत्ता वर जाते,” ठिणगी दातओठ खात म्हणाली. “त्यांना गदागदा हलवून उठवते आणि विचारते!”

दुर्बीणनं तिचा दंड धरला. “आणि ते काय म्हणतील?”

“काय म्हणतील?”

“म्हणतील, खूण माझ्या बॅगेतलीच होती. मी सगळं सामान बरोबर आणतो. मग फुर्रर्र. मघाशी काय झालं आठवतं ना? आपण बोललो की आपला आवाज ऐकतात, शब्द ऐकत नाहीत.”

ठिणगीला दुर्बीणचाही राग आला, कारण तो खरं बोलत होता. ती खाली बसली. काका दुष्ट असते तर किती सोपं झालं असतं! पण काका दुष्ट नव्हते. गेल्या सहलीत त्यांनीच पोटोबाला पाठुंगळी घेऊन ओढा पार केला होता. त्यांना फक्त कुणाला काही विचारायची सवय नव्हती. एक चिंधी घेताना ‘ही कशाला बांधलीय हो?’ एवढंसुद्धा विचारलं नाही त्यांनी. आणि या न विचारण्यापायी एका बाईचं घर जाणार होतं.

“आपण सांगितलं तर ऐकणार नाहीत,” ती म्हणाली. “ठीक आहे. मग त्यांनाच सांगायला लावू.”

“ते कसं?”

ठिणगीनं दोघांच्या कानांत सांगितलं. पोटोबा इतका हसला की त्याला उचकी लागली.

तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज आला. घड्याळात साडेतीनच वाजले होते!

मालक अर्धा तास आधीच आले. उंच, अबोल गृहस्थ. त्यांनी बूट पुसले, दिवाणखान्यात आले, खुर्चीत बसले. मोठी मंडळी जांभया देत खाली उतरली. आईनं कागद मालकांच्या हातात दिला. मालकांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि मावशींना हाक मारली.

मावशी आल्या आणि खुर्च्यांपासून लांब, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

“पाहुण्यांची तक्रार आहे,” मालक कागदाकडे बघत म्हणाले. “सहा सह्या आहेत. मी तरी काय करू?”

“तुमचा नाइलाज आहे,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. कोठीची किल्ली, स्वयंपाकघराची, आणि मागच्या खोलीची.

मुलं दारात उभी होती. ठिणगीला मालकांना विचारावंसं वाटत होतं, अठरा वर्षं यांच्या हातचं जेवलात, तुम्हाला एकही प्रश्न पडत नाही? आईला विचारावंसं वाटत होतं, वर बघ ना एकदा त्यांच्याकडे! पण तिनं जीभ दातांखाली धरली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं राग गिळला आणि तो कडू औषधाहून कडू लागला.

“काका,” ती शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली, “रस्सीखेच खेळता का?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

“आत्ता?” आई म्हणाली. “ही काय वेळ आहे?”

“परवा तुम्ही हरलात ना काका, काकूंच्या संघाकडून. चिखलात बसलात. पोटोबा म्हणतो, आता तुम्ही आम्हा तिघांकडूनही हराल.”

“मी असं...” पोटोबा म्हणायला लागला, दुर्बीणनं त्याचा पाय दाबला. “हो! म्हणतो! नक्की हरतील!”

“मी? हरेन? तुमच्याकडून?” शिट्टीकाकांची छाती फुगली. काल दिवसभर सगळे अंथरुणात असल्यामुळे त्यांच्या वेळापत्रकाचे तीनतेरा वाजले होते आणि त्यांना अगदी चुकल्या चुकल्यासारखं होत होतं. “परवा पाय घसरला माझा! चला, मालक, तुमचं चालू द्या, मी पाच मिनिटांत यांना धूळ चारून येतो. दोरखंड आणा रे!”

“आणलाय,” दुर्बीणनं पाठीमागून दोरखंड पुढे केला. “पण काका, मध्यभागी लावायला खूण नाही. मग राहू दे, कसं खेळणार?”

“खूण नाही म्हणून खेळ थांबतो होय? हात्तिच्या!” काका ऐटीत म्हणाले. “परवा कुठून आणली होती? ही काय, इथंच तर आहे!”

आणि सगळ्यांच्या देखत, मालकांच्या समोरून, तरातरा चालत जाऊन त्यांनी दाराकडच्या रांजणाच्या गळ्यातली लाल चिंधी सोडली.

“अहो!” मावशी किंचाळल्या. भिंतीपासून त्या दोन पावलं पुढे आल्या. “हात लावू नका त्याला! ती खुणेची आहे!”

“हो ना, खुणेसाठीच घेतोय. खेळ झाला की देतो बांधून. परवा नाही का दिली?”

“परवा?” मावशी आणखी पुढे आल्या. “परवा तुम्ही ही सोडली होतीत?”

“मग! आणि परत बांधलीसुद्धा. मी वस्तू जागच्या जागी ठेवणारा माणूस आहे!”

“कुठल्या रांजणाला बांधलीत, काका?” ठिणगीनं विचारलं. आता तिचा आवाज अजिबात गोड नव्हता.

“कुठल्या म्हणजे? रांजणाला! दोन्ही सारखेच तर आहेत. काय फरक पडतो?”

 मालकांनी कागद हळूच खाली ठेवला. त्या लाल चिंधीचा अर्थ त्यांना माहीत होता.

“एकात उकळलेलं पाणी असतं,” मावशी म्हणाल्या. “दुसऱ्यात पावसाच्या टाकीतलं. झाडांना घालायचं.”

काकांनी हातातली चिंधी उलटसुलट करून बघितली.

मग ठिणगीचं धरण फुटलं. “पाच जण टाकीतलं पाणी प्यायले! तुम्ही चिंधी बदललीत म्हणून! हा बघा फोटो, आलो तेव्हा चिंधी कुठे होती! तिची गाठ तुमची होती, हा चिखल अंगणातला! सूप आम्हीही प्यायलो, पण आम्हाला काही झालं नाही, का माहितीये? कारण तुम्ही आम्हाला या खोलीतून हाकललंत! आम्ही मावशींच्या किटलीतलं पाणी पीत होतो. त्यांनी वीस वीस मिनिटं उकळलेलं! आज नोकरी चाललीय तरी उद्याचं पाणी चुलीवर आहे त्यांचं! आणि तुम्ही सगळ्यांनी एक प्रश्न न विचारता सह्या ठोकल्या! मोठी माणसं म्हणे!”

ती थांबली, कारण दम संपला होता. राग अजून बराच शिल्लक होता.

शिट्टीकाका मटकन खुर्चीत बसले. “माझ्यामुळे?” ते म्हणाले. “अरे देवा. पाच जण... आणि वर मीच गणित सोडवून दाखवलं.”

“चला, म्हणजे माझं पोट ह्यांनीच बिघडवलं!” काकूंनी कपाळाला हात लावला. “काल दिवसभर उशाशी बसून मला सांगत होते, सूप नको म्हटलं होतं ना!”

आई उठली. पांघरूण खाली पडलं तरी तिनं उचललं नाही. तिनं टेबलावरचा कागद घेतला, त्याचे चार तुकडे केले आणि किल्ल्यांचा जुडगा मावशींपुढे धरला. 

मालक ठिणगीपाशी आले. त्यांनी फोटो बघितला, चिंधीवरचा चिखल बघितला. “बाळ, आज मी मोठा अन्याय करून बसलो असतो. तुम्ही तिघांनी डोळे उघडलेत माझे. शाबास!”

“शाबास रे पोरांनो! कमाल केलीत!” बाबा म्हणाले. शिक्षिकाबाईंनी दुर्बीणला जवळ ओढलं. सगळेच एकदम कौतुक करू लागले. कुणी डोक्यावरून हात फिरवला, कुणी पाठ थोपटली. पोटोबाला तर बक्षीस म्हणून काय हवं, असंही कुणीतरी विचारलं आणि तो गंभीरपणे विचार करू लागला.

“आम्हाला शाबासकी नको!” ठिणगीनं डोक्यावरचा हात झटकला. “आधी त्यांची माफी मागा! त्या अजून उभ्याच आहेत!”

मावशी खरंच अजून उभ्या होत्या. किल्ल्या त्यांनी घेतल्या नव्हत्या.

एकेक जण पुढे झाला. शिक्षिकाबाई मान खाली घालून म्हणाल्या, “मी इतकं सुंदर अक्षर काढून इतकं खोटं लिहिलं.” बाबा पुटपुटले. मालकांनी हात जोडले. मावशींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. ‘असू दे, असू दे’ असं काही त्या म्हणाल्या नाहीत, आणि ठिणगीला ते फार आवडलं.

“रात्रभर झोपले नाही मी,” त्या शेवटी म्हणाल्या. “स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला होता माझा. त्याचं काय?”



मग मावशींनी आईच्या हातातून किल्ल्या घेतल्या, कमरेला लावल्या. खोलीच्या मधोमध जी सगळ्यात मोठी, उंच पाठीची खुर्ची होती, जिच्यात शिट्टीकाका पत्ते खेळायला बसत, तिच्यापाशी गेल्या आणि बसल्या.

“अठरा वर्षांत इथे पहिल्यांदा बसतेय,” त्या म्हणाल्या. “पाटी मीच रोज पुसते, सगळ्यांची खोली म्हणून. ए पोरांनो, तुम्ही पण या. बसा.”

तिघंही धावतच आले. पोटोबा खुर्चीच्या हातावर चढला, दुर्बीण पुस्तकांच्या फळीपाशी गेला. ठिणगी मावशींच्या पायाशी सतरंजीवर बसली. थोड्या वेळानं आई येऊन तिच्या शेजारी खालीच बसली. ठिणगीनं तोंड वळवलं, पण सरकून जागा मात्र दिली.

“पाणी देता का कुणी?” मावशी म्हणाल्या. “घसा सुकलाय माझा.”

“मी! मी आणतो!” शिट्टीकाका टुणकन उठले. पेला घेऊन ते लगबगीनं कोपऱ्यात गेले, नळाला हात घातला आणि थांबले. समोर दोन रांजण. दोन्ही सारखे. एकाच्याही गळ्यात चिंधी नाही, चिंधी त्यांच्याच खिशात. त्यांनी एकदा या रांजणाकडे बघितलं, एकदा त्या. सवयीनं हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला आणि तसाच खाली आला.

“मावशी,” त्यांनी वळून विचारलं, “यातलं प्यायचं पाणी कुठलं?”

“आता कुठलंच नाही,” मावशी म्हणाल्या. “दोन्ही रांजण ओतून, घासून पुन्हा भरायला हवेत. ते तुम्ही करा. मला आत्ता किटलीतलं आणा.”

काका चिंधी हातात धरून स्वयंपाकघराकडे निघाले. दारापर्यंत जाऊन ते पुन्हा मागे वळले.

“किटली कुठे असते हो?”

“मी दाखवते, चला,” ठिणगी उठली. आज पहिल्यांदाच काकांनी काहीतरी विचारलं होतं.